आत आला, एवढ्याने गुन्हा होत नाही

शहराबाहेरच्या रिकाम्या प्लॉटवर एक पाटी हमखास दिसते: ‘ही जागा खाजगी मालकीची आहे. विनापरवाना प्रवेश केल्यास फौजदारी कारवाई करण्यात येईल.’ पाटी लावायला हरकत नाही, पण तिच्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कायद्याच्या दृष्टीने लंगडं आहे. नुसता विनापरवाना प्रवेश आपल्याकडे फौजदारी गुन्हा ठरत नाही. आणि जागा कुणाच्या मालकीची, हे तर फौजदारी अतिक्रमणाच्या कलमाने विचारलेलंच नाही. कलम विचारतं ते ताबा कुणाचा आणि आत येणाऱ्याचा हेतू काय. फिर्यादी मात्र खरेदीखताची झेरॉक्स आणि ‘हा माणूस आत आला’ एवढं घेऊन पोलीस ठाण्यात जातो. तपासही त्याच वाटेने होतो आणि आरोपी सुटतो.

आधी कलमांचा हिशेब. घटना ३० जून २०२४ पर्यंतची असेल तर भारतीय दंड संहिता: ४४१ मध्ये व्याख्या, ४४७ मध्ये शिक्षा, घरात शिरला असेल तर ४४८. १ जुलै २०२४ पासूनच्या घटनेला भारतीय न्याय संहितेचं कलम ३२९. पोटकलम १ आणि २ मध्ये व्याख्या, ३ आणि ४ मध्ये शिक्षा. व्याख्येचा गाभा तोच राहिला. कैदही तेवढीच आहे: साध्या अतिक्रमणाला तीन महिन्यांपर्यंत, गृह-अतिक्रमणाला एक वर्षापर्यंत. वाढला तो दंड. पूर्वी ५०० आणि १,००० रुपयांपर्यंत होता, आता दोन्हींना ५,००० रुपयांपर्यंत आहे. कलम लावायचं ते घटनेच्या तारखेवरून, फिर्याद नोंदवली त्या तारखेवरून नाही.

सरकार पक्षाने शाबित करायच्या गोष्टी मोजून तीन. जागा घटनेच्या वेळी दुसऱ्याच्या ताब्यात होती. आरोपी तिथे शिरला, किंवा रीतसर आत येऊन नंतर बेकायदेशीरपणे तिथेच थांबला. आणि हे करताना त्याचा हेतू एखादा गुन्हा करण्याचा, किंवा ताबेदाराला धाक घालण्याचा, त्याचा अपमान करण्याचा किंवा त्याला त्रास देण्याचा होता. तिन्ही संशयापलीकडे. यातली मधली गोष्ट, म्हणजे शिरणं, ही बहुतेक खटल्यांत वादाचीच नसते. आरोपी स्वतःच म्हणतो, हो, गेलो होतो. तरीही साक्षीदारांचे जबाब वाचले तर सगळे त्या एकाच मुद्द्यावर बोलत असतात. ‘मी त्याला आत जाताना पाहिलं.’ बरं, मग?

ताब्याकडे या. ताबा म्हणजे जागा प्रत्यक्ष कुणाच्या हाताखाली आहे. भाडेकरू राहत असेल तर ताबा भाडेकरूचा. मालक मध्यरात्री कुलूप तोडून आत शिरला आणि भाडेकरूला दमदाटी केली, तर गृह-अतिक्रमणाचा आरोपी मालक होऊ शकतो. ‘माझ्याच घरात मी अतिक्रमण कसं करीन?’ हा बचाव ऐकायला बरा वाटतो, पण कलमात ‘दुसऱ्याच्या मालकीची’ असं लिहिलेलं नाही, ‘दुसऱ्याच्या ताब्यातली’ असं लिहिलंय. ताबेदाराने त्या क्षणी तिथे हजर असावं असंही नाही. सालगडी, राखणदार, दाराचं कुलूप, उभं पीक यांतूनही ताबा दिसतो. फक्त, जो माणूस तिथे नव्हताच त्याला ‘त्रास देण्यासाठी’ आरोपी आत शिरला, हे पटवणं अवघड जातं. अशा वेळी ‘गुन्हा करण्याचा हेतू’ ही शाखा धरावी: चोरी, आगळीक (म्हणजे मालमत्तेचं मुद्दाम केलेलं नुकसान), जी लागू पडेल ती.

ग्रामीण भागातले यातले बरेच खटले बांधावरचे असतात. शेजारच्याने ट्रॅक्टर घालून बांध कोरला, चार फूट आत आला, विचारायला गेल्यावर शिवीगाळ केली. अशा खटल्यात पंचाचा किंवा तपासी अंमलदाराचा उलटतपास साधारण असा चालतो:

‘घटनास्थळाची मोजणी करून घेतली होती?’
‘नाही.’
‘दोन्ही गटांची हद्द तुम्हाला कुणी दाखवली?’
‘फिर्यादीने.’
‘पंचनाम्याच्या नकाशात बांधाची रुंदी लिहिली आहे?’
‘नाही.’
‘आरोपीचा गट पूर्वेला लागूनच आहे, हे खरं?’
‘खरं आहे.’

एवढ्या चार उत्तरांवर सहायक सरकारी अभियोक्त्याची फाइल मिटते. आरोपी स्वतःच्या रानात होता की फिर्यादीच्या, हेच ठरत नाही. पंचनाम्यात ‘फिर्यादी यांचे शेतात आरोपीने अतिक्रमण केल्याचे दिसून आले’ असं एक वाक्य असतं. ते वाक्य म्हणजे निष्कर्ष आहे, निरीक्षण नाही, आणि पंचांचं काम निष्कर्ष काढण्याचं नाही. कामाचा पंचनामा वेगळा दिसतो. समजा: ‘हद्दीच्या दगडापासून पश्चिमेस १२ फूट आत ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या, दक्षिणोत्तर लांबी ६० फूट; सोयाबीनच्या ८ ओळी चिरडलेल्या; बांधाची माती पश्चिमेकडे लोटलेली.’ टेपने मोजायला अर्धा तास लागतो. चतुःसीमा लिहावी, गट नंबरासोबत हिस्सा नंबर लिहावा, आणि पंच गावातलेच पण दोन्ही घरांशी नातं नसलेले घ्यावेत. नाहीतर ते साक्षीला उभे राहून फितूर होतात. मग हातात राहतं काय, तर सह्या आपल्याच आहेत एवढी कबुली.

मोजणीबद्दल एक गैरसमज पक्का रुजलेला आहे. भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम करून घेतली, मोजणीच्या नकाशाची ‘क’ प्रत हातात आली, म्हणजे खटला जिंकला. उलटही होऊ शकतं. मोजणीत निघालं की आरोपी कसत असलेली चार फुटांची पट्टी नकाशाप्रमाणे फिर्यादीची आहे, पण आरोपी ती दहा वर्षं नांगरतोय. मग घटनेच्या दिवशी ताबा कुणाचा होता? आरोपीचाच. फिर्यादीने दाखल केलेल्या कागदानेच पहिला घटक ढासळतो. ती पट्टी परत मिळवायची तर वाट दिवाणी कोर्टाची आहे. मोजणी उपयोगी पडते ती घटनेच्या आधी झालेली असेल, हद्दीच्या खुणा रोवलेल्या असतील आणि त्यानंतर फिर्यादीने तिथपर्यंत वहिवाट केली असेल तर. त्या खुणा उपटून आरोपी आत आला असेल, तर हेतूबद्दल वेगळं फारसं बोलावं लागत नाही.

सात-बारा महत्त्वाचा आहेच. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५७ प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद विरुद्ध शाबित होईपर्यंत खरी मानली जाते. पण लोक फक्त वरचा सात नंबर बघतात, नाव आहे की नाही एवढंच. ताब्यासाठी बाराकडे बघायचं: त्या हंगामात कोणतं पीक, किती क्षेत्र, पीक पाहणीची नोंद आहे की रकाना कोरा. त्याच्या जोडीला वीजपंपाचं बिल, पीक कर्जाचा किंवा पीक विम्याचा कागद, कारखान्याला ऊस गेला असेल तर त्याची नोंद. आणि तलाठ्याला साक्षीदार यादीत घ्यावं. गोव्यात हेच काम एक-चौदाचा उतारा करतो. तिथे भाटकार (जमीनमालक) आणि मुंडकार (त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा) यांचा वाद असेल तर १९७५ च्या मुंडकार कायद्याचं संरक्षण आधी तपासावं, कारण मुंडकाराचं घर भाटकाराच्या जमिनीवर असलं तरी घराचा ताबा मुंडकाराचा असतो.

मग अतिक्रमण करणाऱ्याचाही ताबा होतो का? स्थिरावला असेल तर होतो. पुरण सिंग विरुद्ध पंजाब राज्य या १९७५ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने त्याच्या कसोट्या सांगितल्या. ताबा पुरेशा काळाचा हवा, मालकाला उघड किंवा अप्रत्यक्षपणे माहीत असलेला हवा, आणि शेतजमिनीवर घुसखोराने पीक उभं केलं असेल तर खऱ्या मालकालाही ते बळाने उपटून टाकायचा अधिकार राहत नाही. म्हणून कुणी आज रात्री कुंपण ओलांडून पत्रे ठोकले तर हालचाल लगेच करावी लागते. ताबा जाऊन सहा महिने व्हायच्या आत विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली दावा टाकला तर मालकी शाबित न करताही ताबा परत मागता येतो.

आता हेतू. इथे सगळ्यात जास्त खटले पडतात, आणि माझ्या मते पडायलाच हवेत, कारण हा घटक नसता तर प्रत्येक वहिवाटीचा वाद फौजदारी झाला असता.

मथरी विरुद्ध पंजाब राज्य हा सुप्रीम कोर्टाचा निकाल (‘एआयआर’ या निकालसंग्रहात १९६४, पान ९८६) या विषयातला पाया आहे. सार असं: आपण आत गेलो की ताबेदाराला त्रास होणार, हे आरोपीला ठाऊक होतं, एवढं पुरेसं नाही. त्रास देणं, धाक घालणं किंवा अपमान करणं हेच प्रवेशाचं उद्दिष्ट होतं, असं कोर्टाला वाटलं पाहिजे. परिणाम काय होणार याची जाणीव हा एक पुरावा आहे, सगळा पुरावा नाही. शेळी पलीकडे गेली म्हणून ती आणायला कुंपण ओलांडणारा, अडलेलं पाटाचं पाणी मोकळं करायला आत जाणारा, जुन्या पायवाटेवरून जाणारा, या सगळ्यांमुळे शेजाऱ्याचं डोकं फिरतं हे खरं, पण ते त्यासाठी आत गेलेले नसतात. आत जाण्याचा हक्क आपल्याला आहे असं आरोपीला प्रामाणिकपणे वाटत होतं आणि तसं वाटायला थोडाफार आधार होता, तर हक्क शेवटी खोटा ठरला तरी हेतू गळून पडतो. वाटेच्या वादात १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली तहसीलदाराकडे जाणं हा जास्त सरळ मार्ग आहे. तिथेही मुदत सहा महिन्यांचीच.

मनातला हेतू कुणी पाहत नाही, तो वागण्यातून काढावा लागतो. म्हणून फिर्यादीत आणि जबाबात या गोष्टी हव्यात: आरोपी किती वाजता आला, बरोबर किती जण होते, हातात काय होतं, याआधी त्याला कधी आणि कुणासमोर मनाई केली होती, आत पाऊल टाकताना तोंडून काय निघालं आणि आत आल्यावर त्याने सर्वांत पहिल्यांदा काय केलं. शेवटचा मुद्दा फार बोलका असतो. आत येऊन आरोपी थेट पाइपलाइन फोडायला गेला, की ओट्यावर बसून ‘पैसे कधी देतोस’ म्हणाला? पहिल्यात हेतू उघडा पडलाय. दुसऱ्यात तो उसने पैसे मागायला आला होता. बोलण्यातून वाद पेटला आणि अर्ध्या तासाने भांडण झालं, एवढ्यावरून भांडायलाच आला होता असं म्हणता येत नाही. हां, ‘निघ’ म्हटल्यावरही तो उठला नाही आणि धमकावत तिथेच बसून राहिला, तर व्याख्येचा दुसरा भाग, बेकायदेशीरपणे थांबण्याचा, लागू होतो. पण मग ‘निघ’ कुणी, कधी, कुणासमोर म्हटलं, ते फिर्यादीत असायला हवं. बऱ्याच फिर्यादींत ते नसतं आणि साक्षीच्या वेळी पहिल्यांदा उगवतं. बचाव पक्षाचा वकील मागाहून घातलेल्या अशा भरीचीच वाट पाहत असतो.

आणि ‘अश्लील शिवीगाळ केली’ असं लिहू नये. शब्द लिहावेत, जसेच्या तसे. लाज वाटते, हे समजू शकतं, पण कोर्टाला शब्द दिसल्याशिवाय तो अपमान होता की बोलीतली नेहमीची तोंडपाटीलकी, हे कळणार कसं?

मुदत संपूनही घर न सोडणाऱ्यावर हे कलम लावायची घरमालकांना भारी हौस असते. देहरादूनच्या एका बंगल्याचं प्रकरण १९८३ च्या निकालसंग्रहांत आहे. मूळ मालकाच्या परवानगीने राहणाऱ्या बाई, मालकाच्या निधनानंतर बंगला ज्या संस्थेकडे गेला तिने सांगूनही निघाल्या नाहीत. सुप्रीम कोर्टाने म्हटलं की परवानगी संपल्यावर राहणं हा फार तर दिवाणी दाव्याचा विषय आहे. तक्रारीत धाक, अपमान, त्रास यांच्या हेतूचा उल्लेखसुद्धा नव्हता. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपली असेल तर भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. न सोडणाऱ्याला तोपर्यंत दुप्पट शुल्काची झळ बसते. सासर सोडायला नकार देणाऱ्या सुनेवर गृह-अतिक्रमणाची फिर्याद टाकणारेही असतात. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम १७ मधला सामाईक घरात राहण्याचा हक्क त्यांनी आधी वाचावा.

घराची व्याख्या वाटते त्यापेक्षा रुंद आहे. माणसं राहतात ती इमारत, तंबू किंवा जहाज. प्रार्थनास्थळाची इमारत. आणि मालमत्ता सुरक्षित ठेवायला वापरली जाणारी इमारत. त्यामुळे मोटार, स्टार्टर, खताच्या गोण्या ठेवलेली रानातली पत्र्याची खोलीही बसू शकते. उघडं अंगण मात्र दरवेळी बसेल असं नाही. म्हणून पंचनाम्यात अंगणाला भिंत, फाटक, छप्पर काय आहे ते लिहावं. शरीराचा कोणताही भाग आत गेला तरी गृह-अतिक्रमणापुरता प्रवेश होतो. खिडकीतून घातलेला हात पुरतो. बाहेर रस्त्यावर उभं राहून दिलेल्या शिव्या पुरत नाहीत, त्यांची कलमं वेगळी.

याच ठिकाणी कलम फुगवलं जातं. न्याय संहितेचं ३३३, जुनं ४५२: इजा करण्याची, हल्ल्याची किंवा अडवून ठेवण्याची तयारी करून केलेलं गृह-अतिक्रमण. शिक्षा सात वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. घरात घुसून मारहाण झाली की ते डोळे झाकून लावतात. पण यातला ‘तयारी करून’ हा भाग शाबित करावा लागतो, आणि तयारी आत शिरण्याआधीची हवी. बाहेरून काठ्या, गज घेऊन आले तर तयारी आहे. रिकाम्या हाताने आले आणि चुलीजवळचं लाकूड उचलून मारलं, तर तयारी कुठली? म्हणून हत्यार कुठून आलं, ते जप्त कुठून झालं आणि फिर्यादीने ते कोर्टात ओळखलं का, यावर सात वर्षांचं कलम टिकतं किंवा पडतं.

सीसीटीव्हीचं फुटेज असेल तर उत्तम, पण ते मोबाइलवर दाखवून भागत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३(४) चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग आहेत, अ आणि ब. पहिला यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलची ओळख पटवणारा सांकेतिक आकडा, लिहावी लागते. डीव्हीआरमधलं, म्हणजे कॅमेऱ्याचं चित्रण साठवणाऱ्या यंत्रातलं, जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं, तेव्हा पहिल्या एक-दोन दिवसांतच प्रत काढून घ्यावी. डीव्हीआरचं घड्याळ किती मिनिटं पुढे-मागे आहे तेही पंचनाम्यात लिहावं. फिर्यादीत सकाळचे नऊ आणि चित्रणात आठ चाळीस, एवढी फटसुद्धा बचावाला पुरते.

पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून हाती अदखलपात्र नोंद दिली जाते. ३२९ ची शिक्षेची दोन्ही पोटकलमं दखलपात्र आहेत, जामीनपात्र असली तरी. तक्रारीत तिन्ही घटक स्पष्ट असतील तर गुन्हा नोंदवायला हवा. नाहीच नोंदवला तर अधीक्षकांकडे लेखी अर्ज आणि मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या) कलम १७५(३) खाली न्यायदंडाधिकाऱ्यांकडे. पण ठाणेदाराचंही दरवेळी चुकतं असं नाही. तक्रारीत नुसता सात-बारा आणि ‘अतिक्रमण केले’ एवढंच असेल, तर नोंदवलेला गुन्हा पुढे ‘सी समरी’त जातो, म्हणजे गैरसमजाचा किंवा दिवाणी स्वरूपाचा म्हणून तपास बंद होतो. आणि मुदत विसरू नका. एक वर्षापर्यंत कैद असलेल्या गुन्ह्याची दखल कोर्टाने घ्यायला याच संहितेच्या कलम ५१४ ने एका वर्षाची मर्यादा घातली आहे. मोजणीची तारीख मिळेना, पंच सापडेना, असं करत वर्ष उलटलं की विलंब माफ करून घेण्याची वेगळीच कसरत सुरू होते.

शिक्षा झाली म्हणजे जागा परत मिळाली, असंही नाही. दोषसिद्धीनंतर ताबा परत देवविण्याचा अधिकार फौजदारी कोर्टाला त्याच संहितेच्या कलम ५०२ ने आहे, पण बळ, बळाचा देखावा किंवा धाकदपटशा करून फिर्यादीला बेदखल केलं असेल तरच, आणि तसा आदेश शिक्षेपासून एका महिन्याच्या आत व्हावा लागतो. अर्ज निकालाच्या दिवशीच तयार ठेवावा.

बांधावरची बरीच प्रकरणं शेवटी लोकअदालतीत आपसांत मिटतात. तेव्हाही तडजोडीच्या अर्जावर सही लागते ती त्या जागेच्या ताबेदाराची. पुण्यात राहणाऱ्या, उताऱ्यावर नाव असलेल्या थोरल्या भावाने सही केली आणि रान कसणारा धाकटा आलाच नाही, तर तो अर्ज परत येतो.